पडलं तरी पुन्हा उडेल असं विमान

पहिलं ट्रेनर विमान कधी ना कधी पडतंच. शिकवणारा कितीही मुरलेला असो, सिम्युलेटरवर कितीही सराव झालेला असो. एखाद्या दिवशी उतरताना नाक जमिनीत रुततं, कुंपणाच्या खांबाला पंख घासतो, नाहीतर वाऱ्याच्या झोताने एक टोक अचानक बसतं. म्हणून लाकडी संचातून रेडिओ कंट्रोलचं ट्रेनर बांधायला बसलेल्याने प्रत्येक जोड चिकटवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: हे इथं मोडलं, तर घरच्या टेबलावर आठवड्याभरात दुरुस्त होईल का? संचात कोणते बदल करावेत आणि कोणत्या बदलांना हात लावू नये, याचं उत्तर बहुतेक वेळा या प्रश्नातच मिळतं. विमान नुसतं भक्कम करत सुटलं की ते जड होतं. जड विमानाला हवेत टिकायला जास्त वेग लागतो, म्हणजे ते उतरतंही वेगानेच, आणि आदळताना मोडतोड करणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हलकं विमान कमी मोडतं, आणि मोडलं तर सोप्या ठिकाणी मोडतं.

पुढे जे लिहितो आहे ते बाल्सा आणि हलक्या प्लायच्या कुठल्याही ट्रेनरला लागू पडतं. पण बोलायला एखादं विमान समोर असलेलं बरं, म्हणून अमेरिकेतल्या सिग कंपनीचा ‘कॅडेट एलटी-४०’ हा जुना, नावाजलेला संच घेऊ. पंखाचा पसारा ७० इंच, क्षेत्रफळ ९०० चौरस इंच, उडतानाचं वजन साडेपाच ते सहा पौंड, म्हणजे अडीच ते पावणेतीन किलो. हिशेब केला तर पंखाच्या दर चौरस डेसिमीटरवर साधारण ४५ ग्रॅम भार येतो. पंख धडाच्या वर, खालून सपाट, दोन्ही टोकं वर उचललेली. स्टिक सोडली की असं विमान बऱ्यापैकी आपलं आपण सरळ होतं. शिकणाऱ्याला विचार करायला जो एखादा सेकंद हवा असतो, तो या पंखातून मिळतो.

संच निवडण्याआधी भारतात राहणाऱ्याने २ किलो हा आकडा लक्षात ठेवावा. रेडिओ कंट्रोलच्या विमानांनाही लागू असलेल्या ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर ते २ किलोपर्यंतचं यान ‘मायक्रो’ वर्गात येतं, आणि २ ते २५ किलोचं ‘स्मॉल’ वर्गात. मायक्रो वर्गातलं यान हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोची रेघ ओलांडली की ती सवलत राहत नाही. एलटी-४० कितीही काटकसरीने बांधलं तरी ते या रेघेच्या वर जाणार. क्लबमध्ये, जाणत्या माणसाबरोबर शिकणार असाल तर ते घ्यावं. एकट्यानेच सुरुवात करायची असेल तर त्याच घराण्यातलं एलटी-२५ किंवा तेवढ्याच आकाराचं दुसरं लाकडी ट्रेनर निवडा आणि पहिल्या दिवसापासून वजनकाट्यावर नजर ठेवा. नोंदणीचे नियम आणि हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा संच मागवण्याआधीच बघून ठेवा.

खोका उघडल्यावर पहिल्या दिवशी गोंदाच्या बाटलीला हात लावू नका. त्या दिवशीचं काम लाकूड निवडण्याचं. बाल्सा हे झाडाचं लाकूड, कारखान्यातला ठोकळा नव्हे; एकाच मापाच्या दोन शीट्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाव इंचाच्या निम्मी जाड, ४ इंच रुंद आणि ३६ इंच लांब अशी एक शीट तीस ग्रॅम भरेल आणि तिच्या शेजारची पन्नास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, प्रत्येक शीटवर पेन्सिलीने वजन लिहा आणि हलकं लाकूड शेपटीसाठी बाजूला काढा. शेपूट तोल-बिंदूपासून लांब असते आणि नाक जवळ, त्यामुळे शेपटीत वाढलेला एक ग्रॅम नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं मागतो. शेपटीला वापरलेलं जाडजूड लाकूड आणि गोंदाचे ओघळ यांची किंमत अशी तिप्पट मोजावी लागते.

पंखातल्या स्पारच्या, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या कण्याच्या, पट्ट्या मात्र वजनावर निवडू नका, त्या वाकवून बघा. पट्टीचं एक टोक टेबलाच्या कडेवर हाताने दाबून धरा, दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावा आणि टोक किती खाली झुकतं ते भिंतीवर टेकवलेल्या पट्टीवर वाचा. सगळ्या पट्ट्या याच चिमट्याने तपासा. सारख्या झुकणाऱ्या दोन पट्ट्या एकमेकींच्या जोडीदार: एक डाव्या पंखात, एक उजव्या. डावा स्पार कडक आणि उजवा मऊ असेल तर जमिनीवर विमान अगदी सरळ दिसतं, पण डाइव्हमधून वर काढताना एक पंख जास्त वाकतो आणि विमान कलतं. मग माणूस ट्रिम फिरवत बसतो आणि कारण हाती लागत नाही. बाल्साच्या काही शीट्सवर उजेडात धरल्यावर माशाच्या खवल्यांसारखे चमकदार ठिपके दिसतात. ते लाकूड आडवं वाकत नाही, चटकन तडकतं. रिब आणि शेपटीच्या सपाट भागाला ते उत्तम. पंखाच्या पुढच्या गोलाईवर जी शीट वाकवून बसवायची, तिच्यासाठी असे ठिपके नसलेली, हाताने सहज वळणारी शीट ठेवा.

बांधायचा पाट सपाट हवा. घराचा फ्लश डोअर किंवा त्याचा उरलेला तुकडा यासाठी फार चांगला. त्यावर टाचण्या घुसतील असा सॉफ्टबोर्ड ठेवा. पाट खरंच सपाट आहे का हे तपासायला स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची कड कामी येते. पाटावर संचातला नकाशा, नकाशावर पारदर्शक पॉलिथिन, म्हणजे लाकूड कागदाला चिकटणार नाही. पावसाळ्यात शक्यतो पंख बांधायला घेऊ नका, कोकणात आणि मुंबईत तर नाहीच. बाल्सा दमट हवेतलं पाणी शोषतो, आणि जूनमध्ये पाटावर सरळ असलेला पंख ऑक्टोबरच्या उन्हात पीळ धरतो. तेवढे महिने शेपूट, धडाच्या भिंती, लाकडाची निवड अशी कामं करा आणि लाकूड वजनाखाली सपाट दाबून ठेवा.

गोंदाबद्दल माझं मत ठाम आहे. फेविकॉलसारखा पांढरा गोंद बाल्साला उत्तम धरतो, जोड सरकवून बसवायला वेळ देतो आणि त्याचा वास त्रास देत नाही. त्याचा एकच दोष: वाळल्यावर तो चिवट राहतो, त्यामुळे पॉलिश पेपरने घासताना शेजारचं मऊ लाकूड खाली जातं आणि गोंदाची रेघ वर उभी राहते. जे नंतर घासायचं आहे, उदाहरणार्थ पंखाची पुढची कड, तिथं सायनो (सुपरग्लूच्या जातीचा गोंद) वापरा. पातळ सायनो फक्त घट्ट बसलेल्या जोडात काम करतो. फट असेल तर तो वाहून जातो आणि आपल्याला वाटतं की चिकटलं. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा. इंजिन किंवा मोटर जिथं बसते ती फायरवॉल, दोन पंख जोडणारी प्लायची पट्टी आणि चाकांची पाटी या तीन जागी सावकाश सेट होणारा इपॉक्सी लावा. पाच मिनिटांत धरणाऱ्या इपॉक्सीला लाकडात मुरायला सवडच मिळत नाही. आणि कुठलाही गोंद असो, जोडाबाहेर आलेला लगेच पुसा. बाहेरचा गोंद ताकद देत नाही, वजन देतो.

पंखात ताकद कुठून येते हे समजलं की बदल करताना हात चुकत नाही. वरचा स्पार दाबला जातो, खालचा ओढला जातो आणि त्या दोघांमधला उभा बाल्साचा तुकडा, ज्याला वेब म्हणतात, त्यांना एकमेकांपासून सरकू देत नाही. वेबचे रेषे उभेच हवेत, आडवे नकोत. घाईत बांधणारे लोक वेब ढिले बसवतात किंवा मधल्या काही रिबांमध्ये ते टाळतात आणि ती कसर बाहेरून जाड शीट चिकटवून भरून काढायला जातात. पंख मोडतो तो मध्यभागी, धडाजवळ. तिथले वेब एकेक करून, दोन्ही स्पारना पूर्ण टेकतील असे घासून बसवा. पंखाचे दोन भाग जोडताना एक भाग पाटावर सपाट ठेवून दुसऱ्याचं टोक नकाशात दिलेल्या उंचीवर ठोकळ्याने उचला, आधी गोंदाशिवाय बसवून बघा, मधे उजेड दिसत असेल तर घासा, मगच इपॉक्सी लावा. जोडावर पाचेक सेंटिमीटर रुंदीची फायबरग्लासची पातळ पट्टी इपॉक्सीत भिजवून गुंडाळली की पंखाला मध्यभागी सर्वात स्वस्त विमा मिळतो. तेवढी पट्टी पुरे. सगळ्या पंखाला फायबरग्लास चढवू नका.

पंख पाटावरून उचलला की त्याला मागून, डोळा बरोबर मागच्या कडेच्या रेषेत आणून बघा. मधून टोकाकडे जाताना कड सरळ गेली पाहिजे, किंवा दोन्ही टोकांना सारखीच दोन-तीन मिलिमीटर वर वळली पाहिजे. हा वर वळलेला पीळ उपयोगाचा आहे: वेग कमी पडला तर पंखाची टोकं शेवटी हार मानतात आणि विमान एका बाजूला कोसळण्याऐवजी नाक खाली घालून पुढे सरकतं. एका टोकाला वर आणि दुसऱ्याला खाली पीळ असेल, तर तो पंख तसाच कव्हर करू नका.

धड बांधताना नेहमी होणारा घोटाळा म्हणजे दोन डाव्या बाजू बनणं. दोन्ही भिंती टेबलावर एकमेकींकडे तोंड करून ठेवा आणि आतल्या बाजूवर ठळक खूण करा. आडव्या चौकटी गुण्यात बसल्या आहेत का हे प्रत्येक वेळी गुण्या लावूनच ठरवा, नजर फसवते. शेपूट चिकटवण्याआधी धडाच्या नाकाच्या मध्यरेषेवर टाचणी खोचा, तिला न ताणला जाणारा दोरा बांधा आणि तो शेपटीच्या आडव्या पंखाच्या दोन्ही टोकांपर्यंत न्या. दोन्ही अंतरं एक-दोन मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजेत. मग पंख बसवून मागून बघा: शेपूट पंखाला समांतर आहे का. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि इथं राहिलेली खोट नंतर कुठल्याही ट्रिमने पूर्ण जात नाही.

आता बदलांकडे येऊ. ते सगळे कव्हर चढवण्याआधी, उघड्या सांगाड्यावरच करायचे.

पहिला आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा बदल म्हणजे ग्लो इंजिनाऐवजी ब्रशलेस मोटर. एलटी-४० हे ०.४० घनइंचाच्या इंजिनासाठी आखलेलं. त्याला मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन असं इंधन लागतं, आणि ते लहान गावात सहज मिळत नाही. शिवाय उडताना टाकी रिकामी होत जाते तसा तोल सरकतो. बॅटरीचं वजन बदलत नाही. ट्रेनरला दर किलोला सुमारे २०० वॉट पुरतात, म्हणजे अडीच किलोच्या विमानाला ५००. चार सेलची लिपो बॅटरी भाराखाली साधारण १४ व्होल्ट देते, तेव्हा ३५-३६ अँपिअर लागतील. ६० अँपिअरचा स्पीड कंट्रोलर, व्होल्टमागे मिनिटाला ९०० फेऱ्यांच्या आसपासची ३५४८ मापाची मोटर आणि ११×७ किंवा १२×६चा प्रॉपेलर ही जोडी जमते. पण कागदावरच्या जुळणीवर विसंबू नका. विमान घट्ट धरून किंवा बांधून ठेवून वॉटमीटरवर करंट मोजा. आकडा मोटरच्या किंवा कंट्रोलरच्या मर्यादेजवळ गेला तर प्रॉपेलर लहान करा.

मोटर इंजिनापेक्षा आखूड असते. म्हणून फायरवॉलवर प्लायची पेटी उभारून प्रॉपेलर नकाशात आहे तिथंच आणा. नकाशात मोटरच्या अक्षाला खाली आणि उजवीकडे जो दोन-तीन अंशांचा कल दिला असेल तो तसाच ठेवा. बॅटरीसाठी टाकीच्या खणाला वरून झाकण करावं लागतं, आणि इथं विचार लागतो. धड म्हणजे एक पेटी. तिचा वरचा भाग कापला की ती पिळवटायला मोकळी होते. म्हणून कापलेल्या जागेच्या दोन्ही कडांना आतून चौरस बाल्साची पट्टी लावा आणि झाकणाच्या मागे एक चौकट पूर्ण ठेवा. झाकण पुढे लाकडी खुंटीने आणि मागे चुंबकाने धरलं की पुरे. बॅटरी खाली वेल्क्रो आणि वरून पट्टा अशी दोन्हीकडून बांधा. आदळताना सुटलेली बॅटरी पुढच्या सगळ्या चौकटी फोडत जाते. हवा आत यायला नाकात जेवढं भोक, त्याच्या दुप्पट भोक मागे बाहेर जायला ठेवा. महाराष्ट्रातल्या एप्रिलमध्ये हे भोक कंट्रोलर वाचवतं.

दुसरा बदल एलेरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या फळ्यांचा. जुन्या रचनेत पंखाच्या मध्यभागी एकच सर्व्हो असतो आणि तो वाकवलेल्या तारांनी दोन्ही एलेरॉन हलवतो. त्याऐवजी प्रत्येक पंखात एकेक छोटा सर्व्हो बसवा. तारांचा खडखडाट जातो, आणि ट्रान्समीटरमधून वर जाणारा एलेरॉन जास्त आणि खाली जाणारा कमी हलवता येतो. सपाट पंखाच्या ट्रेनरला याची खरी गरज असते, कारण खाली गेलेला एलेरॉन त्या बाजूला हवेचा रोध वाढवतो आणि नाक वळणाच्या उलट दिशेला ओढतो. वर १२ मिलिमीटर, खाली ८ अशी सुरुवात ठेवा. सर्व्होची वायर नेण्यासाठी रिबांमधल्या भोकांतून कागदाची नळी घाला, आणि कव्हर करण्याआधी त्यात एक दोरा ओवून ठेवा. तो दोरा विसरला तर तयार पंख पुन्हा कापावा लागतो.

तिसरा बदल आपल्या मैदानांमुळे करावा लागतो. संचातलं तीन चाकांचं गिअर डांबरी पट्टीवर किंवा कापलेल्या गवतावर छान चालतं. मुरमाड रानात, कापणी झालेल्या शेतात, ढेकळांवर पुढचं चाक अडकतं आणि त्याची तार सगळा धक्का थेट फायरवॉलला देते. अशा जागी पुढचं चाक काढून शेपटीला छोटं चाक लावा आणि मुख्य गिअर पुढे घ्या, इतकं की चाकांचा आस पंखाच्या पुढच्या कडेखाली येईल. चाकं मोठी घ्या, तीन इंचांची, फोमची. दोन्ही चाकं किंचित आत वळलेली ठेवली तर विमान धावताना भरकटत नाही. गिअरची पाटी धडाला नायलॉनच्या बोल्टने बसवा. जोराने उतरलं की बोल्ट तुटेल, पाटी निघून येईल, आणि घरी जाऊन नवा बोल्ट घातला की काम झालं. स्टीलचा स्क्रू तुटत नाही, त्याच्याबरोबर धडाचा तळ येतो.

याच कारणासाठी पंख धडाला रबर बँडनेच बांधा. बोल्टने बसवलेला पंख देखणा दिसतो हे खरं. पण टोक जमिनीला लागलं की रबराने बांधलेला पंख सरकतो किंवा सुटून बाजूला पडतो, आणि पंख व धड दोन्ही वाचतात. दर पौंडाला दोन, म्हणजे एलटी-४०ला डझनभर रुंद रबर लागतात. शेवटचे दोन एकमेकांना छेदून घाला. उन्हात रबर लवकर भेगाळतं. प्रत्येक वेळी ताणून बघा आणि शंका आली तर फेकून द्या. नवे रबर टाल्कम पावडर घातलेल्या डब्यात ठेवले तर टिकतात.

आणि आता जे करू नये ते. दोन्ही पंखांमधला कोन, म्हणजे डायहेड्रल, पहिल्या विमानात कमी करू नका. तो कोनच विमानाला सरळ करतो. ‘जरा ताकद असू दे’ म्हणून मोठी मोटर बसवू नका. सपाट पंखाला वेग दिला की तो वर चढत सुटतो आणि शिकणारा सतत खाली दाबत राहतो. प्रत्येक कोपऱ्यात प्लायचे त्रिकोण भरू नका. नकाशात जिथं बाल्सा लिहिला आहे तिथं बाल्साच घाला.

कव्हर चढवण्याआधी सगळा सांगाडा लांब, सरळ पट्टीवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरने घासा. हातात धरलेल्या कागदाने रिबांमध्ये खड्डे पडतात. घासून झाल्यावर धूळ ब्रशने आणि किंचित ओलसर फडक्याने काढा, नाहीतर फिल्म धुळीला चिकटते, लाकडाला नाही. इस्त्रीने चिकटवायची पॉलिएस्टर फिल्म चौरस मीटरला साधारण ६० ते ७० ग्रॅम भरते. खालची बाजू आधी, वरची नंतर, आणि सांधे मागच्या बाजूला उघडे राहतील असे. आधी कडा चिकटवा, मग मधला भाग ताणा. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला उष्णता सारखी द्या. पंखात पीळ दिसला तर मदतनिसाला उलटा पीळ देऊन धरायला सांगा, त्यावर गरम हवा फिरवा आणि गार होईपर्यंत सोडू नका. नको असलेला पीळ असाच काढतात आणि टोकांचा हवा असलेला पीळही असाच देतात. रंग निवडताना देखणेपणापेक्षा उपयोग बघा: वरून फिका, खालून गडद आणि रुंद पट्टे. संध्याकाळच्या धुरकट आकाशात विमान फक्त सावली दिसतं, तेव्हा वरचा भाग कुठला आणि खालचा कुठला हे पट्ट्यांवरून कळतं.

एलेरॉन, एलिव्हेटर आणि रडरला पातळ बिजागऱ्या सायनोने बसवताना प्रत्येक खाचेच्या मध्यभागी दोन मिलिमीटरचं भोक पाडा. त्यातून गोंद आतपर्यंत पोचतो. दोन्ही बाजूंनी पातळ सायनोचे चार-पाच थेंब टाका, वाळू द्या आणि मग प्रत्येक बिजागरी जोर लावून ओढून बघा. लाज बाळगू नका. इथं सुटलेली बिजागरी मैदानावर सुटण्यापेक्षा बरी. सर्व्होचे आर्म मध्यावर, पुश-रॉड मधे कुठेही न घासणारे, आणि एलिव्हेटरचा पुश-रॉड लवत नाही ना हे हाताने दाबून तपासलेलं. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबते का हे प्रॉपेलर काढून बघा. बॅटरी जोडलेली असताना प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका, मोटर बंद असली तरी.

तोल पाहण्याची वेळ आता. पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के मागे, म्हणजे एलटी-४०च्या सुमारे ३२५ मिलिमीटर रुंद पंखात पुढच्या कडेपासून ८० ते ९८ मिलिमीटरवर विमान दोन बोटांवर तोललं पाहिजे. नकाशात बिंदू दिला असेल तर तोच पाळा आणि पहिल्या उड्डाणाला त्याच्या किंचित पुढेच राहा. तोल आधी बॅटरी पुढेमागे सरकवून साधा. शिसं हा शेवटचा उपाय. मग विमान नाक आणि शेपूट धरून उचला: एक पंख सतत खाली जात असेल तर दुसऱ्या टोकात एखादं नाणं बसेल एवढं वजन घाला.

उडवायला हिवाळ्यातली सकाळ उत्तम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वारा उठायच्या आत. पठारावर दहा-अकरा वाजले की जमीन तापून हवा उसळू लागते, आणि पहिल्या उड्डाणाला ती नको. हवाई क्षेत्राच्या सरकारी नकाशावर हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूटच. लोहगाव, खडकवासला, ओझर, देवळाली अशा विमानतळांच्या किंवा लष्करी जागांच्या आसपास राहणाऱ्यांनी मैदान आधी नकाशावर आणि मग जमिनीवर शोधावं. रस्ता, गुरं, विजेच्या तारा आणि मुलं यांच्यापासून दूर. ट्रान्समीटरच्या कमी शक्तीच्या मोडवर तीसेक पावलं चालत जाऊन रेंज बघा, एकदा मोटर बंद ठेवून आणि एकदा चालू करून. पहिली उड्डाणं जाणत्या माणसाच्या हातून, दुसरा ट्रान्समीटर जोडून करा. क्लब गाठण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. ३३०० एमएएचची बॅटरी असेल तर घड्याळ सात मिनिटांवर लावा, म्हणजे बॅटरीत पंचमांश तरी शिल्लक राहील. लिपो उन्हातल्या गाडीत ठेवू नका, फुगलेली पुन्हा वापरू नका, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा.

आणि ते पडेल तेव्हा सगळे तुकडे गोळा करून आणा, कितीही लहान असले तरी. मोडलेल्या कडा एकमेकींत बसतात, त्या घासू नका. पातळ सायनोने जशा होत्या तशा जोडा. स्पार मोडला असेल तर मोडलेल्या जागेला सरळ जोडून भागत नाही. दोन्ही बाजू तिरप्या कापा, जाडीच्या आठ-दहा पट लांब उतार करा, त्याच उताराचा नवा तुकडा घाला आणि दोन्ही बाजूंनी बाल्साचे उभे वेब लावा. फिल्म जेवढी लागेल तेवढीच कापा, त्याच रंगाचा ठिगळाचा तुकडा एक सेंटिमीटर पुढे नेऊन इस्त्री करा. दुरुस्तीनंतर पंखाचा पीळ आणि शेपटीचा दोरा पुन्हा तपासा, विमान नव्याने बांधलं असं समजून.

एकट्याने उडणं-उतरणं जमू लागलं, वाऱ्यातही विमान हवं तिथं जाऊ लागलं, की मग डायहेड्रल कमी करायची वेळ येते. तेव्हाही पहिला पंख कापू नका. नकाशा जपून ठेवला असेल तर त्यावरच दुसरा पंख बांधा: कोन निम्मा, एलेरॉन थोडे रुंद, बाकी सगळं तेच. तो याच धडावर, याच रबर बँडनी बसेल, आणि नवीन कोणी शिकायला आलं की पहिला पंख पुन्हा चढवता येईल.